सासूबाईंनी काशीत काय सोडलं

लॅपटॉप भरला तेव्हा माझा पहिला संशय सासूबाईंवर गेला. खरं सांगायचं तर घरात काहीही बिघडलं की तो त्यांच्यावरच जातो. मी आहेच तशी भडक डोक्याची.

नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही बनारसला आलो, मागोमाग सासूबाईही आल्या. काशीत आलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडायचं असतं. दशाश्वमेध घाटावर गुरुजींनी विचारलं तेव्हा "बघते" म्हणून सासूबाईंनी वेळ मारून नेली. "आई, वांगंच सोडा, मला भरीत करायचा कंटाळा येतो," अशी मी चेष्टाही केली होती.

मुलगी शाळेत जायला लागली आणि बघता बघता घरातही हिंदीच बोलायला लागली. आजीने मराठीत विचारायचं, नातीने हिंदीत उत्तर द्यायचं. सासूबाईंनी त्यावर उपाय काढला. दुपारची जेवणं झाली की त्या फोनवर मराठीतून गोष्टी रेकॉर्ड करायच्या. माहेरच्या विहिरीची, चोर आले त्या रात्रीची, हट्टी म्हशीची. "मोठी झाली की ऐकेल गं," म्हणायच्या. फोन भरला तेव्हा मीच त्या सगळ्या लॅपटॉपवर घेतल्या आणि फोनवरून काढून टाकल्या. ऐकली मात्र एकही नाही.

गेल्या महिन्यात मुलीच्या ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं, आणि लॅपटॉप म्हणे जागाच नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई शेजारीच गवार मोडत बसल्या होत्या. "तुमच्या त्या गोष्टींनी भरलाय बघा सगळा. कोण ऐकतंय इथे?" म्हणत मी त्यांच्यादेखत अख्खं फोल्डर डिलीट केलं. त्या गवार मोडत राहिल्या.

जागा मात्र ढिम्म वाढली नाही. "मम्मी, रिसायकल बिन तो खाली करो," मुलगी म्हणाली. डिलीट केलेलं आधी त्या बिनमध्ये पडून राहतं, तिथून परत आणता येतं, हे मला तेव्हा कळलं. तिथे तरी थांबावं की नाही? नाही! कायमचं काढू का म्हणून लॅपटॉपनेसुद्धा विचारलं, पण मी रागाच्या भरात 'हो' दाबून मोकळी झाले. तरी जागा जवळपास तेवढीच.

मग मुलीने लॅपटॉप ओढून घेतला आणि कुठलं फोल्डर किती मोठं ते बघायला लागली. सगळ्यात वर एक अगडबंब फोल्डर निघालं, 'उत्तरपत्रिका'. अगं थांब, थांब, म्हणेपर्यंत तिने उघडलंसुद्धा. आत माझ्या कोरियन मालिका. कॉलेजचे पेपर तपासतेय असं सांगून, दार लोटून, हेडफोन लावून बघायचे मी त्या. सासूबाई बिचाऱ्या चहा आणून आवाज न करता ठेवून जायच्या.

"आजी की सारी कहानियाँ तो तुम्हारे एक एपिसोड जितनी भी नहीं थीं," मुलगी म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई भाजीची परात घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुकानात नेला. दुकानदाराने खूप खटपट केली, हाती काही लागलं नाही. घरी येऊन मी सासूबाईंसमोर बसले. "आई, चुकलं माझं. परत सांगाल का सगळ्या? मी स्वतः रेकॉर्ड करते."

"राहू दे गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "काशीत काहीतरी सोडायचं राहिलं होतं ना, ते सोडलं."

मला वाटलं, गोष्टी सांगणं सोडलं. तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. सासूबाई उठल्या आणि अडखळत म्हणाल्या, "हाथ-पाँव धो लो बेटा, खाना गरम करती."

मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे बघत होते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "बहू, चाय लेगी?"

"हो आई, घेते," मी म्हटलं.

"ठीक है," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.