येवला, आईसोबत, दोन बॅटऱ्यांवर

आईचं ऑक्सिजनचं यंत्र खांद्याला अडकवता येतं. एका बॅटरीवर ते दोन तास चालतं. नाशिकहून येवला कारने दोन तास. आईला पैठणी विणताना पाहायची होती. विकत घ्यायची नव्हती. बेत सोपा वाटला: एक बॅटरी जाताना, दुसरी येताना, तिथे असताना यंत्र विजेवर. सोमवारी सकाळी सातला निघालो.

निफाडला चहा घेतला, पंधरा रुपये कप. रस्ता चांगला आहे. विंचूरजवळ मात्र लासलगावच्या लिलावाला निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर. पाऊण तास तिथेच गेला आणि पहिली बॅटरी संपली. राखीव लावली. चार रेघा दिसल्या. दहा मिनिटांत एक उरली.

"ही नवीच ना?" मी विचारलं.

"नवीकोरी. दोन वर्षं कपाटात जपलीय. दर महिन्याला पूर्ण चार्ज करून पुन्हा मलमलीत गुंडाळते."

निघण्याआधी एकदा ती लावून पाहणं माझं काम होतं.

"परत फिरू या?"

"परत जायला दोन तास. येवला वीस मिनिटं. काय विचारतेस?"

विणकराच्या उंबऱ्यावर आई बसली तेव्हा यंत्र वाजू लागलं होतं. विणकराने मागावरच्या दिव्याचा प्लग ओढला.

"लावा इथं. खिडकीचा उजेड लय झाला मला."

आईचा श्वास सावरला. पहिली बॅटरी मात्र तापलेली होती, चार्ज घेईना. विणकराची बायको ती फ्रिजमध्ये ठेवायला निघाली. मी थांबवलं, आत दव धरतं. फरशीवर सावलीत अर्धा तास ठेवली, मग तिने चार्ज घेतला.

"मावशी, आता तुम्हाला पण मागाला बांधलं," विणकर हसला. राखीव बॅटरीची हकिगत ऐकून म्हणाला, "पैठणीचंबी असंच हे. घडी बदलली नाय, की घडीवरच चिरते."

"मग मला आधी सांगायचंत," आई म्हणाली.

बॅटरी भरायला तीन तास लागले. त्यांच्याकडेच पिठलं-भाकरी जेवलो. परतीला ट्रॅक्टर नव्हते. घरी पोहोचलो तेव्हा यंत्रावर एक रेघ होती.

पूर्ण भरून पडून राहिल्याने खराब झालेली राखीव बॅटरी ई-कचऱ्यात दिली, तिच्या जागी नवी घेतली. आता दोन्ही आळीपाळीने वापरतो. पडून राहणार असेल तर निम्मी भरून, गार जागी. गाडीत लावायचा चार्जरही घेतला.

आई शेजाऱ्यांना येवल्याचं सांगते. बॅटरी त्यात येत नाही. तीन तासांत पदरावर दोन बोटं वीण झाली, आणि ती सगळी तिने पाहिली, एवढंच सांगते.