पाटाखालचा भुसा

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ गाढवपणा झाला, पण सगळ्यात मोठा झाला तो दात घासायच्या एका जुन्या ब्रशनं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. स्वच्छतेत आपला हात धरणारी बाई अख्ख्या नागपुरात नाही, अशी माझी खात्री होती. अशी खात्री असलेल्या बाईच्या हाती ब्रश देऊ नये, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

हा पराक्रम मी केला तो शेजारच्या घरी. त्या गृहस्थांना मी भाऊजी म्हणायची. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर आधी त्यांचा मिटलेला डावा डोळा दिसला असता. काहीतरी चिमटीत धरायचं, उजेडाकडे न्यायचं, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "फुटाचं इंच, वहिनी. बाकी सारं तेच." चिमटीत पहिल्यांदा काहीच दिसत नसे. मग नीट पाहिलं की करवत दिसायची. दाढीच्या पात्याच्या तुकड्याची, कानशीनं एकेक दात पाडलेली, मूठसुद्धा लावलेली.

भाऊजी सदरला एका कचेरीत कारकून होते. लग्न केलं नव्हतं. संध्याकाळी सायकलवरून परत येताना सीताबर्डीला उतरायचे आणि घड्याळजीकडून तुटक्या स्प्रिंगा, शिंप्याकडून मोडक्या सुया मागून आणायचे. लोक त्यांना वेडे समजत. मीही समजत होते. फक्त मी चहा करून देत होते, म्हणून स्वतःला समजूतदार म्हणवून घेत होते.

ते जे बनवत होते, तो त्यांच्या वडिलांचा कारखाना, फुटाचा इंच करून. वडील सुतार. इतवारीकडे त्यांचा खरा कारखाना होता. दारं, खाटा सगळं करायचे, पण नाव होतं ते तान्ह्या पोळ्याला पोरं ओढत फिरवतात त्या लाकडी बैलांसाठी. रस्ता रुंद झाला आणि कारखाना गेला. त्यानंतर बाबाजी, म्हणजे भाऊजींचे वडील, हळूहळू विसरायला लागले. आधी वार विसरले, मग जेवलो की नाही ते विसरले, आणि शेवटी मुलगा विसरले. पँटशर्टातला हा माणूस रोज आपल्याला अंघोळ घालतो, जेऊ घालतो, त्या अर्थी कोणी मोठा माणूस असावा, असं धरून ते भाऊजींना साहेब म्हणायचे.

"साहेब, माझा पोरगा आला काय?"

"येते, बाबा. रस्त्यात हाय."

हे संभाषण मी भिंतीपलीकडून रोज ऐकायची.

भाऊजींचा कारखाना होता एका देवदारी खोक्यात. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, पुढची बाजू उघडी. भिंतीवर पटाशा ओळीनं टांगलेल्या, कोपऱ्यात सरस तापवायची शेगडी, बोटाच्या पेराएवढा रंधा. फळीवर बोराएवढे बैल, कोणाला चाकं लावलेली, कोणाला नाही, एकाचं शिंग अर्धवट. जमिनीवर दोन पाट. मोठा बाबाजींचा. लहान, कोपऱ्यातला, भाऊजींचा. लहानपणी तिथं बसून ते बैलांच्या पाठीवर काचकागद घासायचे.

"मग तुम्ही सुतारकाम काहून नाही केलं?" मी एकदा विचारलं. मला कुठे थांबावं ते तेव्हा कळत नसे, आताही फारसं कळत नाही.

"म्या रंधा सोडला, पेन धरला," ते म्हणाले. "बाबा वर्षभर बोलले नाही माझ्याशी. आता बोलतात, तर साहेब म्हणतात."

पण संध्याकाळी एक गोष्ट घडायची. भाऊजी तो खोका बाबाजींपुढे ठेवायचे. बाबाजी बराच वेळ नुसतं पाहायचे. मग त्यांचं जाड, गाठी आलेलं बोट आत जायचं, एखादी पटाशी सरळ करायचं, रंध्यावर थांबायचं. आणि कधी आठवड्यातून एकदा, कधी पंधरा दिवसांतून, ते खोक्यावरची नजर न काढता म्हणायचे, "पोरा, सरस तापव."

"तापवतो, बाबा."

एवढंच. त्या एका 'पोरा'साठी या माणसानं दोन वर्षं डोळे फोडून घेतले होते, हे मला माहीत होतं. म्हणजे ऐकून माहीत होतं. समजलेलं नव्हतं.

दुपारी भाऊजी कचेरीत असत, म्हणून बाबाजींना चहा द्यायला किल्ली रोज सकाळी माझ्याकडे देऊन जायचे. "घर तुमचंच समजा, वहिनी," असं ते म्हणाले होते. त्या दिवाळीत मी ते अक्षरशः खरं धरलं.

आमचं घर आवरून झालं, हात शिवशिवत होते. बाबाजी झोपले होते. खोक्यात पाहिलं तर दोन्ही पाटांखाली भुसा, कांद्याच्या सालीपेक्षा पातळ छिलके, शेगडीभोवती काजळी. मनात म्हटलं, पुरुषाचं घर, बाईचा हात नाही, दुसरं काय होणार. ब्रश आणला, कानात घालायचा कापूस आणला, खोबरेल आणलं. तासभर खपले. काजळी पुसली. पटाशा उंचीप्रमाणे लावल्या, शाळेतल्या पोरींसारख्या. भुसा कागदावर गोळा केला आणि मागच्या नालीत टाकला. कोपऱ्यातल्या लहान पाटाखाली ब्रश जात नव्हता, तर पदराचं टोक ओलं करून तिथलंही टिपून घेतलं. एवढी मी कर्तबगार.

संध्याकाळी ताटलीत चार चकल्या घेऊन शाबासकी घ्यायला गेले.

भाऊजींनी खोका नुकताच बाबाजींपुढे ठेवला होता. त्यांचं स्वतःचं लक्ष अजून गेलं नव्हतं, ते सायकलीची क्लिप काढत होते. बाबाजींनी पाहिलं. बोट आत नेलं, मोठा पाट जरा सरकवून त्याखाली फिरवलं, बाहेर काढून बोटाकडे पाहिलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनी वर पाहिलं. मग खोक्यात पाहिलं.

"कोणीच नाही गेलं, बाबा."

"मग झाडलं काहून?"

बाबाजींनी हात मांडीवर ठेवले आणि ते भिंतीकडे वळून बसले. चकल्यांची ताटली माझ्या हातातच होती.

ओसरीवर येऊन भाऊजींनी मला समजावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"आमच्या घरी कारखाना कोरा झाडत नाहीत, वहिनी. रोज झाडायचं, पण ज्याच्या त्याच्या पाटाखाली मूठभर भुसा राहू द्यायचा. म्हणजे उद्या त्याले बसायचं हाय. कारागीर गेला, का मगच त्याच्या पाटाखालचं झाडतात."

घरी नवऱ्याला सांगितलं. ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "तुले कोणं सांगतलं होतं वं?" कोणीच सांगितलं नव्हतं. तीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मला वाटलं, यापुढे किल्ली देणार नाही, हेच सांगायला आले. भाऊजी किल्ली द्यायला आले होते. रोजच्यासारखी माझ्या हातावर ठेवली, सायकलीवर बसले आणि गेले. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

मग मी चूक सुधारायला निघाले. म्हणजे गाढवपणाचा दुसरा भाग. लाकडाच्या वखारीतून पिशवीभर भुसा आणला, मैद्याच्या चाळणीनं चाळला, पाटाखाली दोन चिमटी टाकला. त्याच चाळणीनं पुढे आठवडाभर मैदा चाळला गेला आणि आमचे हे, "करंज्यांत खसखस टाकली काय?" विचारत राहिले. बाबाजींनी मात्र खोक्याकडे ओझरतं पाहिलं.

"साहेब, हा भुसा आणून टाकलेला हाय," ते म्हणाले. "कामाचा भुसा असा पडत नाही."

भाऊजींनी मग पेराएवढ्या रंध्यानं सागाचे तुकडे रंधून रंधून खरे छिलके पाडले, जिथले तिथे पडू दिले. कितीतरी रविवार त्यात गेले. पाट पूर्वीसारखे दिसायला लागले, पण बाबाजींचं बोट पुन्हा आत गेलं नाही.

न राहवून एका दुपारी मीच त्यांच्यापुढे बसले. "बाबाजी, कोणी गेलं नाही. म्या झाडलं. माझी अक्कल चरायला गेली होती."

त्यांनी माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं.

"कुंकू तर हाय तुले," ते म्हणाले. "मग कोणाचं झाडलं?"

वार, जेवण, मुलगा, सगळं विसरलेला हा माणूस. एवढं एक तेही विसरला असता तर काय बिघडलं असतं. दिवाळीपासून ते 'पोरा' म्हणाले नाहीत. भाऊजी रोज संध्याकाळी खोका समोर ठेवायचे, थोडा वेळ थांबायचे आणि उचलून घ्यायचे. माझ्या कानाला त्या भिंतीशी बसायची सवय लागली होती. पलीकडून "साहेब" ऐकू आलं की मी पोळी उलटायला जायची.

श्रावणात बाबाजी गेले. शेवटचे दोन दिवस भाऊजी उशाशी होते. बाबाजींनी त्यांना विचारलं, "साहेब, पोरगा आला काय?" भाऊजी म्हणाले, "आला, बाबा." ते त्यांना पटलं की नाही, कोण सांगणार.

पुढे पुष्कळ वर्षांनी भाऊजीही गेले. जाण्याआधी कारखाना माझ्याकडे देऊन गेले. तो माझ्या खोलीत कपाटावर आहे. सून म्हणते, "आई, त्या खोक्याच्या कोपऱ्यातला कचरा तरी काढू द्या, वाळवी लागेल." मी काढू देत नाही. घरात इतर ठिकाणी मी अजूनही सगळ्यांचा जीव नकोसा करते, म्हणून तिला ते कोडं वाटतं. रीतीप्रमाणे खरं तर काढायला हवा. माझ्याच्यानं होत नाही.

पण मला सांगायचं आहे ते बाबाजींचं तेरावं झालं त्यानंतरचं. तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी फिरत होती, चाकांचा खडखडाट चालला होता. त्यातले दोनतीन बैल बाबाजींच्या हातचे, पाठीवरचा रंग उडालेले. भाऊजींनी मला ओसरीवरून हाक मारली.

मी गेले. खोका मधोमध, उजेडात ठेवला होता. दोन्ही पाटांखाली भुसा जिथला तिथे. शेजारी कागदावर दात घासायचा ब्रश. माझाच. त्या दिवशी मी तिथं विसरले होते आणि नंतर मागायची छाती झाली नव्हती.

"तुम्हीच करा, भाऊजी," मी म्हटलं. "मी हात लावणार नाही आता."

त्यांनी ब्रश उचलला, उजेडाकडे धरला, सवयीनं डावा डोळा मिटला. मग तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाबाच्या पाटाखालचं तेवढं झाडून द्या, वहिनी. माझ्या पाटाखालचं राहू द्या. मी हाय अजून."