साहेबांच्या चकरा आणि सायकलीची बॅटरी

आमच्या दवाखान्याच्या गाडीत बॅटरी कधीच पुरत नाही. किस्से मात्र इतके साठलेत की ठेवायला जागा उरली नाही. सांगितले की लोक हसतात. मला अजूनही रागच येतो!

मी घुग्घुसचा. आधी खाणीवरच्या ट्रकांचं वायरिंग करायचो, आता गडचिरोलीच्या जंगलात ही गाडी चालवतो. जुन्या बसचं फिरतं घर केलंय. आत झोपायचे बाक, गॅस, लसींचा फ्रिज. टपावर सोलर पॅनल, बाकाखाली बॅटऱ्या. मागे दोन इलेक्ट्रिक सायकली टांगलेल्या. रस्ता संपला की पुढच्या टोल्यांवर, म्हणजे पाच-दहा घरांच्या वस्त्यांवर, आमच्या वनिता सिस्टर या सायकलीवर जातात. सिस्टर पन्नाशीच्या, गुडघे दुखरे. सायकल चार्ज असेल तर टोल्यावर नर्स पोचते, नसेल तर बायाबापड्या वाट बघत बसतात. एवढी साधी गोष्ट आहे, पण ती कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

*

एका गावात मी गाडी मैदानाच्या मधोमध, भर उन्हात लावली. कोवे आजोबा धावत आले.

"भाऊ, पाव्हण्याची गाडी उनात? लोकं आमाले काय म्हणतीन! मोहाखाली घ्या न."

"आजोबा, हे गाडी ऊनच खाते. उनावरच सायकली चार्ज होतेत."

आजोबांनी मान डोलावली. मी त्यांच्याच घरी भात आणि अंबाडीची भाजी खायला बसलो. जेवून बाहेर येतो तर अख्ख्या टपावर ताडपत्री, ताडपत्रीवर पळसाच्या डहाळ्या आणि वरून पाण्याचा शिडकावा!

"सकाळपासून खाऊनच राह्यली होती," आजोबा म्हणाले. "पोट भरलं असन म्हटलं. आता आराम करू द्या तिले."

आता या माणसावर ओरडायचं कसं? मी स्वतःवरच चिडलो. सायकली अर्ध्याच भरल्या आणि सिस्टरची टोल्याची फेरी दुसऱ्या दिवसावर गेली.

*

आजोबांना माफ आहे. साहेबांना नाही!

हे साहेब आमच्या कामावर देखरेख ठेवतात. वयाने तिशीचे, बसतात चंद्रपुरात, पंख्याखाली. एक दिवस त्यांचा लेखी आदेश आला: "वाहन दिवसा सेवेत असल्याने सायकलींचे चार्जिंग रात्रीच करण्यात यावे."

मी फोन लावला. "साहेब, दुपारी बारापर्यंत गाडीच्या बॅटऱ्या भरतेत. मंग वरचं ऊन फुकट जाते, ते मी सायकलीले देतो. रात्री लावल्या त फ्रिजच्या वाट्याची लाइट खातीन."

"मोबाईल आपण रात्रीच लावतो ना?" साहेब म्हणाले.

आठवडाभर हुकूम पाळला. एका पहाटे इन्व्हर्टर टीं टीं करून गप्प झाला. फ्रिज बंद. सिस्टर आणि मी धावपळ करून लसी बर्फाच्या डब्यात भरल्या. साहेबांना रीतसर कळवलं. त्यांचं उत्तर आलं.

"मग फ्रिज दिवसा चालवा!"

*

एका संध्याकाळी सौरऊर्जेच्या जनजागृतीचा कार्यक्रम ठरला. वीज कुठून घ्यायची? आमच्या गाडीतून! मी नको नको म्हणत असताना आयोजकांनी दुपारीच सायकलींचं चार्जिंग काढून वायरी ओढल्या. माइक, पडद्यावरचा सिनेमा, स्टेजवरच्या पाहुण्यांसाठी दोन कूलर. सिनेमात सूर्य उगवत होता आणि तेवढ्यात सगळं बंद पडलं.

निवेदक अंधारात ओरडला, "मंडळी, शांत राहा, लाइट गेली आहे!"

लोक पोट धरून हसले. लसी रातोरात पुन्हा बर्फात, सकाळी दोन्ही सायकली थंड. सिस्टर लसींचा डबा खांद्याला लावून टोल्यावर पायी गेल्या. परत आल्या तेव्हा पायरीवर बसून राहिल्या, बूट काढायलाही वाकता येईना. मला असा संताप आला की त्या दोन कूलरांना जाऊन लाथा घालाव्यात. तो निवेदक आजही हा किस्सा रंगवून सांगतो.

*

मग साहेब स्वतः पाहणीला आले. गॉगल, पांढरे बूट, सोबत व्हिडिओ काढणारा एक माणूस. "सायकलींची रील करू," म्हणाले.

साहेब एका सायकलीवर, व्हिडिओवाला दुसरीवर. मैदानात चकरा सुरू. एकदा गॉगल घालून, एकदा काढून. एकदा हात सोडून! मी म्हटलं, "साहेब, बॅटरी." ते म्हणाले, "अरे, सोलर आहे!" दोन्ही सायकलींची शेवटची रेघ विझली तेव्हाच ते उतरले.

त्याच वेळी नाल्यापलीकडच्या टोल्यावरून एक माणूस धापा टाकत आला. त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण, पाय सुजलेले. तिला हलवता येत नव्हतं आणि नाल्यापुढे कुठलीच गाडी जात नव्हती.

साहेब गडबडले. "सिस्टर, आता कसं?"

सिस्टरनी पिशवी खांद्याला अडकवली. साहेबांची सायकल धरून त्यांच्यापुढे उभी केली.

"पायडल हाय न हिले. तुमी चालवा, मी मांगं बसतो."

"मी?"

"माह्ये गुडघे गेले. तुमचे हायेत."

व्हिडिओवाल्याचा मोबाईल चालूच होता. साहेब सायकलवर बसले.

बाळंतपणाचं सामान घेऊन मी दुसऱ्या सायकलीवर. बॅटरी संपलेली ही सायकल म्हणजे धोंडा! नाल्यात साहेबांचे पांढरे बूट गेले, चढावर गॉगल गेला. "थांबू का जरा?" ते विचारायचे. मागून सिस्टर म्हणायच्या, "नाई."

आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप.

साहेब अंगणात आडवे पडले होते, शर्ट चिंब. बाळाची आजी पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. त्यांच्याकडे बघतच राहिली.

"सिस्टरबाई, हा कोन वं?"

सिस्टर हात धूत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"नवीन हाय. शिकून राह्यला!"