निळसर पाणी

औषधाच्या बाटल्या शीतखोलीत ठेवायच्या होत्या. मी त्या बाहेरच्या फ्रीझरमध्ये कोंबल्या. कारण काय, तर स्वेटर खोलीवर विसरलो होतो आणि आत जाऊन कुडकुडायची तयारी नव्हती. जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, हे शास्त्र माझं मीच काढलेलं. गोठल्यावर औषधाचे बारीक कण एकमेकांना चिकटले. सकाळी बर्फ वितळला तेव्हा बाटल्यांत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या.

तो स्वेटरही माझा नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या मावशींच्या नवऱ्याचा. "आत्ता घे, हिवाळ्यात परत दे. त्यांना लागतो," असं बजावून दिलेला.

मावशी शिकलेल्या चौथीपर्यंत. औषध मोहरीएवढ्या मण्यांबरोबर तीन दिवस दळलं, की मणी धुताना पाण्याकडे बघून सांगायच्या, "पांढरंफटक आहे. जाड राहिलंय, दळ अजून." निळसर झाक आली की, "झालं. आता लाव तुझं यंत्र." कण मोजणारं यंत्रही तासाभराने तेच सांगायचं. "याला पगार किती रे?" असं वर विचारायच्या.

हे औषध पाण्यात विरघळत नाही. गोळी जशी पोटात जायची तशीच बाहेर पडायची, म्हणून हा दळणाचा खटाटोप. मावशींच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, त्याच औषधाची गरज होती. चाचणीच्या पहिल्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. बाटल्या त्या यादीसाठीच होत्या.

"हलवल्या तर सुटतील, मावशी," मी म्हणालो.

"नासलेलं दूध हलवून बघितलंयस कधी?" मग माझ्या उघड्या हातांकडे बघून, "स्वेटर कुठाय, गाढवा?"

"खोलीवर."

त्यांनी गुठळ्यांची बाटली उचलून मोरीपाशी ठेवली. मग विचारलं, "पुन्हा किती दिवस?"

"महिनाभर. कच्चं औषधच नव्याने बनवावं लागेल."

"बरं," म्हणाल्या आणि मणी धुवायला घेतले.

नवं औषध एकोणतिसाव्या दिवशी तयार झालं. काका चोविसाव्या दिवशी गेले. वाचले असते का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

औषध निघालं त्याच दिवशी मावशी कामावर परतल्या. नळाखाली चाळणी धरून बराच वेळ पाणी बघत राहिल्या.

"निळं आलंय," म्हणाल्या. "छान दळलंत, साहेब."

त्यानंतर त्यांनी मला कधी गाढव म्हटलं नाही.

आता हिवाळा लागलाय. स्वेटर धुऊन, घडी घालून माझ्या खणात ठेवलाय. मावशी मागत नाहीत. शीतखोलीत मी तसाच जातो.