बिबट्या पोचणार नाही असं घर

"फोन ओट्यावर ठेवा आणि तुम्ही तिथून लांब जा," मी म्हटलं.

"का मॅडम?" पलीकडून एजंट म्हणाला. बोलणं हिंदीतून चाललं होतं, मी आपल्या मराठीत सांगते.

"तुम्ही बोलत राहिलात तर मला घर कसं ऐकू येणार?"

तो हसला. मी नाही हसले. शेवटी ठेवला एकदाचा त्याने फोन. मी इकडे आळेफाट्याला ऑफिसचं शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला आणि फोन कानाला दाबून बसले. फोनमध्ये अंदमानचा समुद्र होता, पण त्याच्या मागे काहीतरी सारखं धडधडत होतं. जनरेटर. शेजारच्या हॉटेलचा असणार. एजंटाने मला आदल्या दिवशी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "मॅडम, टाचणी पडली तरी ऐकू येईल."

तो परत फोनवर आला तेव्हा मी म्हटलं, "टाचणी नाही हो ऐकू आली. जनरेटर आला. दुसरं घर दाखवा."

माझा धंदा यात्रा-सहलींचा. शिक्षण सातवी. आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, जीप होती, त्यात भाविक बसवून भीमाशंकरला न्यायचो, तिथून सुरुवात. तिथले लॉजवाले "ताई, शांत खोली आहे" म्हणायचे. मी खोलीत जायचे, खिडकी उघडायचे आणि नुसती उभी राहायचे. कधी खाली भटारखाना निघायचा, कधी पाण्याची मोटर. तेव्हापासून सवय लागली. खोली डोळ्याने बघायची नाही, आधी कानाने बघायची. पुढे काशी झाली, रामेश्वर झालं, आणि आता लोकांकडे विमानाचे पैसे आले तसं अंदमानही आलं. तिथे प्रत्येक वेळी जाऊन खिडकी उघडणं काही जमत नाही. म्हणून हा फोनचा उद्योग.

आता तुम्ही स्वतः बुकिंग करणार असाल तर एक-दोन शब्द समजून घ्या. 'बीचफ्रंट' म्हणजे घर आणि वाळू यांच्यामध्ये काही नाही. 'बीच साइड' म्हणजे मध्ये रस्ता आहे. आणि 'सी व्ह्यू' म्हणजे समुद्र दिसतो. किती दिसतो, आणि कुठे चढून उभं राहिल्यावर दिसतो, ते लिहिलेलं नसतं. फोटो सगळ्यांचेच छान असतात. लग्नाच्या स्थळाचे असतात तसे.

तर हे घर मी कुणासाठी शोधत होते, ते सांगते.

पारगावच्या बाजूला उसात वस्ती करून राहणारे दत्ताभाऊ आणि त्यांची बायको सिंधू. आमच्याबरोबर दोन यात्रा केलेली माणसं. एके दिवशी दोघं ऑफिसात आली. सिंधूने उजवा हात पदरात गुंडाळलेला होता.

"काकू, आमाला अंदमानला जायचंय," दत्ताभाऊ म्हणाले. "एकदम शांत जागा बघा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"अंदमान डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाय वो. डॉक्टर म्हनले, हिला जरा लांब कुठंतरी न्या, शांत ठिकाणी. अंदमान हिनंच काढलं."

मी सिंधूकडे बघितलं. ती म्हणाली, "चारी बाजूनं पानी हाय ना काकू तिथं? मंग तिथलंच बघा. जिथं त्यो येनार न्हाई."

'तो' कोण हे आमच्याकडे विचारावं लागत नाही. बिबट्या. उसाच्या हंगामात संध्याकाळी ती कालवड गोठ्यात घेत होती. दावं तिने हाताला गुंडाळलेलं. बिबट्या उसातून आला आणि त्याने कालवडीचं नरडं धरलं. तो तिकडे ओढतोय, आणि दावं हिच्या हातात अडकलेलं. उसाच्या कडेपर्यंत फरफटत गेली बाई. दावं सुटलं म्हणून वाचली. वनखात्याने पिंजरा लावला, त्यात एक सापडलाही, पण तो हाच, हे कोण सांगणार?

तेव्हापासून दिवस मावळला की सिंधू दार लावून आत. बाहेर म्हणून यायची नाही. रात्रीची झोप गेली, जेवण तुटलं. अंगावरचं लुगडं सैल दिसायला लागलं होतं. दत्ताभाऊ वैतागलेले.

"आता मला सांगा, त्यो काय रोज येतोय का? रातभर उठून बसती. हिच्यापायी मला बी झोप न्हाई. न्हाईतर मला काय, मी कुटंबी झोपतो. भित्री झालीय नुसती."

"तुम्ही गप्प बसा हो दत्ताभाऊ," मी म्हटलं. सिंधूला म्हटलं, "बाई, तुला मी असं घर देते की तू तिथे दार उघडं टाकून झोपशील."

बोलून गेले आणि मग कामाला लागले. बेटांवर बिबट्या नाही ना, हे आधी चार ठिकाणी विचारून पक्कं केलं. बिबट्या नाही, वाघ नाही. मग एजंटामागे लागले. पहिल्या घराला जनरेटर निघाला, ते सांगितलंच. दुसऱ्याला बाजूला बांधकाम. तिसरं मात्र असं होतं की फोटो बघून माझाच जीव जडला त्याच्यावर. लाकडी घर, पुढे पांढरी वाळू, एका अंगाला खाडी, पाण्यात मुळं सोडून उभी असलेली झाडं. आवाजाची परीक्षाही पास. पण फोटोच्या कोपऱ्यात एक पिवळा बोर्ड अर्धा दिसत होता. मी फोटो मोठा करून बघितला, अक्षरं काही लागेनात.

"तो बोर्ड कसला आहे?"

"स्वच्छतेचा असेल मॅडम. कचरा टाकू नका, असलं."

"असेल नको. उद्या तिकडे गेलात की बोर्डासमोर उभे राहा आणि मला मोठ्याने वाचून दाखवा."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज पार खाली. "सावधान," त्याने वाचलं आणि थांबला.

"पुढे?"

"मगर."

आणि लगेच घाईघाईने म्हणाला, "पण मॅडम, ती क्वचित येते."

"आमचा बिबट्याही क्वचितच येतो," मी म्हटलं. "पुढचं घर."

एवढं झाल्यावर दुसरा एखादा एजंट फोन उचलायचा बंद झाला असता. हा उचलत राहिला. बहुतेक त्यालाही आता चुरस लागली असावी. त्याने एक घर काढलं. बेटाच्या पार टोकाला, आजूबाजूला वस्ती नाही, आणि खडकांनी वेढलेला आत वळलेला किनारा, त्यामुळे लाटाच नाहीत. पाणी कसं, ताटात ओतल्यासारखं. खाडी नाही, मगर नाही, जनरेटर नाही. त्याने फोन ओट्यावर ठेवला आणि मी ऐकत बसले. काही म्हणजे काही नाही. मला वाटलं, फोनच कट झाला. मी फाट्यावर राहणारी बाई, माझ्या कानाला दिवसरात्र ट्रक. मला तर ते ऐकून देवळात बसल्यासारखं झालं. त्याला म्हटलं, हे पक्कं धरा. उद्यापर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नका. याला आमच्यात 'होल्ड' म्हणतात, म्हणजे पैसे न भरता जागा अडवून ठेवणं.

दोघांना बोलावून घेतलं. एजंटाला फोन लावला, त्याने फोन तिकडे ओट्यावर ठेवला, मी इकडे सिंधूच्या कानाला लावला. म्हटलं, "ऐक. याला म्हणतात शांत."

ती ऐकत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आता हसेल, मग हसेल. तिच्या कपाळावर घाम आला. तिने फोन टेबलावर ठेवला आणि हात पदराला पुसला.

"काय गं?"

"किडं का गप हाईत?"

"कुठले किडे?"

"कुटलेच न्हाईत. कुत्रं न्हाई, पाखरू न्हाई, किडं न्हाईत." आणि मग हळूच म्हणाली, "काकू, त्यो आला की आमच्याकडं असंच व्हतं. आधी समदं गप व्हतं."

दत्ताभाऊ उखडले. "अगं, ते बेट हाय! मधी केवढा समुद्र. तिथं बिबट्या न्हाईच, किती येळा सांगायचं?"

"मला ठाव हाय वो," सिंधू म्हणाली. "पर ह्या कानाला न्हाई ना ठाव."

बसलेच मी. इतके दिवस शांत, शांत म्हणून आवाज हुसकावत होते, आणि या बाईला आवाज थांबला की धडकी भरत होती. ती रात्रभर उठून बसते ती कुत्री भुंकतात म्हणून नाही. भुंकायची थांबतात म्हणून.

"ऱ्हाऊ द्या काकू," ती म्हणाली. "मला कुटंच झोप न्हाई लागायची. उगं तुमाला तरास."

"त्रास माझा मी बघीन," मी म्हटलं. "आता तुला घर दिल्याशिवाय मी राहत नाही."

त्यांच्यासमोरच एजंटाला सांगितलं, होल्ड सोडा. आता मला उलटं घर पाहिजे. जिथे लाटेचा आवाज कधी थांबत नाही, आणि हाक मारली तर कुणीतरी ओ देईल.

"मॅडम, तुम्हीच तर शांत म्हणाला होता!"

"तेव्हा मला कळलं नव्हतं."

इथे एक नवीन गोष्ट शिकले. त्या बेटांवर ओहोटीला पाणी बऱ्याच ठिकाणी पार लांब जातं. भरतीला जिथे लाट ओट्याशी वाजते तिथे ओहोटीला नुसते खडक उघडे पडतात आणि सगळं गप्प होतं. म्हणजे एकदा ऐकून उपयोग नाही. मी एजंटाला प्रत्येक घरी भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा पाठवायला लागले.

तो एकदा कावलाच. "मॅडम, तुम्हाला घर पाहिजे का समुद्र?"

"समुद्र. घर त्याला लागून असलं तर बरं."

असं घर सापडलं. फोटो बघवत नव्हते. पत्र्याचं छप्पर, भिंतीला निळा रंग, तोही पोपडे आलेला, अंगणात कोंबड्या. पण खाडी नाही, मगरीचा बोर्ड नाही, ओट्यावरून उतरलं की वाळू, आणि तिथला किनारा उतरता, त्यामुळे ओहोटीतही लाट फुटायची थांबत नव्हती. मागच्या बाजूला मालकीण राहायची, एक बंगाली बाई. तिचं कुत्रंही होतं.

फोटो बघून दत्ताभाऊ म्हणाले, "काकू, हे तर आमच्या वस्तीवरलंच घर दिसतंय. ह्यासाठी इमानात बसायचं व्हय?"

"तुम्ही नका बसू. सिंधू बसेल."

मालकिणीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. सिंधूला म्हटलं, तूच विचार काय विचारायचं ते. टीव्हीवर ऐकून ऐकून आमच्या बायकांना हिंदी येतंच. सिंधूने जेवणाचं विचारलं नाही, पलंगाचं विचारलं नाही. म्हणाली, "तुम रात को बाहर निकलते क्या?"

ती बाई हसली. म्हणाली, निघतो ना. ओहोटीला टॉर्च घेऊन खेकडे धरायला जातो आम्ही बायका.

"संग में कौन आता?"

"कुणी नाही. कुणी कशाला पाहिजे?"

सिंधूने पुन्हा विचारलं. "अंधेरे में?"

"खेकडे अंधारातच येतात ना, दीदी."

सिंधूने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "हेच."

गेली दोघं. चांगल्या जागी पाठवलेल्या गिऱ्हाइकाचा पहिल्या दिवशी फोन येत नाही, हा आमच्या धंद्यातला अनुभव. फोन आला म्हणजे गीझर चालत नाही, नाहीतर चादरीला डाग. यांचा फोन पहिल्याच संध्याकाळी आला. अंदमान पूर्वेला, तिथे दिवस लवकर मावळतो. आमच्या फाट्यावर अजून उजेड होता, आणि फोनमधून दत्ताभाऊ सांगत होते की तिकडे मिट्ट काळोख झालाय.

"काकू, हिला सांगा जरा!"

"काय झालं? परत आत कोंडून घेतलं का?"

"आत कुटली! त्या मालकिनीबरुबर खेकडं धराया गेलती. परत आली, न् आता तिथंच वाळूत बसलीय एकटी. मी हाका मारतोय, ऐकंना. ताट वाढून ठेवलंय."

मागे लाट ऐकू येत होती. सारखी, न थांबता. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

"मग बसू द्या की तिला. तुम्हीच जा ताट घेऊन तिच्याजवळ."

दत्ताभाऊ फोन तोंडाजवळ धरून, हळू आवाजात म्हणाले, "काकू, कुनाला सांगू नका. मला भ्या वाटतंय."

तेव्हापासून मी एक नियम केलाय. कुणी जोडपं शांत जागा मागायला आलं की मी दोघांना वेगवेगळं बसवते आणि दोघांनाही विचारते, घरी झोप कशाने मोडते? जो आधी म्हणतो "मला काय, मी कुठेही झोपतो," त्याला जरा जास्त वेळ बसवून घेते.