कढईला कान लावणाऱ्या काकू

साखर जळायच्या आधी कसला आवाज करते, सांगा बरं? नाही ना येत? मग माझ्या शेजारी बसा. कामगारांची भांडणं अंगावर घेत मी वीस वर्षं फिरतेय, भल्याभल्या साहेबांची बोलती बंद केलीय. पण दोन खोल्यांच्या एका घरात, गॅसच्या शेगडीसमोर, माझीच बोलती बंद झाली.

बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये आमच्या काकू तेवीस वर्षं स्वयंपाक करतात. रोजची दोनशे ताटं. गेल्या थंडीत तापाने आठवडाभर पडल्या आणि उठल्या तेव्हा वास गेला होता. कांद्याचा येईना, साबणाचा येईना, गॅसचासुद्धा येईना. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढंच कळायचं, बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, सांगता येत नाही. काकूंनी कॅन्टीनमध्ये कुणाला सांगितलंच नाही. मग एक दिवस वीस लिटर दूध पातेल्याला लागलं. करपल्याचा वास पार तिकीट खिडकीपर्यंत गेला, आणि काकू पातेल्याशेजारीच शांतपणे बटाटे सोलत होत्या. बिंग फुटलं.

व्यवस्थापक म्हणाला, "ज्या बाईला वास येत नाही ती स्वयंपाक कसला करणार? भांडी घासायला द्या." निर्णय कॅन्टीन समितीच्या हातात होता आणि तो तीन महिने लांबत गेला. माझा पारा चढला. मी निवेदन लिहिलं, घोषणा ठरवल्या, दहाजणी गोळा केल्या. काकूंनी निवेदन वाचलं, घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"माझ्या हातचं खाऊन ठरवा म्हणावं. रविवारी दुपारी, माझ्या घरी."

"काय करणार?"

"डुकराच्या बरगड्या. आंबट-गोड."

मी कपाळावर हात मारला. त्यात साखर तांबूस होईपर्यंत तापवावी लागते, ती एका श्वासात काळी पडते, व्हिनेगर जरा चुकलं की तोंड वाकडं होतं. "अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला? साधी खिचडी टाका!"

"खिचडी कुणालाही जमते," काकू म्हणाल्या. "आणि गोड-आंबट एवढंच तर मला उरलंय. उरलेल्यावरच पैज लावीन ना?"

रविवारी व्यवस्थापक आला, इस्त्रीचा शर्ट घालून. समितीवरचे एक जुने ड्रायव्हर आले, ते भुकेल्या पोटावरून हात फिरवत. काकूंची नणंद दारातच उभी. व्यवस्थापकाला म्हणाली, "या, या. चपला बाहेर काढा, शंका आत आणल्यात तरी चालेल."

स्वयंपाकघर इतकं अरुंद की एकाने वळायचं तर दुसऱ्याने श्वास आत घ्यायचा. बोटभर लांबीच्या बरगड्या काकूंनी आधी पाण्यात उकळल्या, वर आलेला फेस काढला, धुतल्या, फडक्याने एकेक कोरडी केली. मग कढईत थोडं तेल आणि खडीसाखर. आणि मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. हातभर लांबीचा लाकडी कलथा घेतला, एक टोक कढईच्या काठावर टेकवलं आणि दुसरं टोक कानाला लावलं.

काकूंच्या नवऱ्याने, काकांनी, हळूच मला समजावलं. काका डेपोत फिटर होते. इंजिन बिघडलं की लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि आतला कुठला भाग रडतोय ते सांगायचे. दूध लागलं त्या संध्याकाळी काकू चुलीशी बसून राहिल्या होत्या. "मी म्हटलं, अगं, नाक गेलं तर कान आहे की. लोखंड बोलतं, तशी कढईही बोलेल." तीन महिने दोघं रोज कढई ऐकत होते. सहा किलो साखर जाळली. नणंद म्हणाली, "चहा बिनसाखरेचा प्यायलो आम्ही. ही साखर ऐकत होती!"

काकूंचे डोळे मिटलेले. साखर वितळताना कडकड, मग फेसाची चुरचुर, मग ती चुरचुर बारीक होत होत गेली. मला तर काहीच फरक कळेना. व्यवस्थापक पुढे वाकला. "करपतंय—" तो म्हणायला आणि काकूंनी बरगड्या टाकायला एकच गाठ पडली. छन्नकन आवाज झाला. कढई हलवली तसा प्रत्येक तुकडा तांबूस झाला, एकही काळा नाही. मग आलं, सोया सॉस, थोडं व्हिनेगर, बुडेल इतकं गरम पाणी, झाकण. पाऊण तास मंद आच.

त्या पाऊण तासात व्यवस्थापकाने खरा प्रश्न काढला. "ते सगळं ठीक. पण मांस खराब झालेलं आलं तर? दोनशे माणसं जेवतात."

मी तोंड उघडलंच होतं. आदल्या दिवशी मी काकूंना बजावलं होतं, हे विचारलं तर सांगा बोटांनी कळतं म्हणून. काकूंनी मला हाताने थांबवलं.

"नाही कळत," त्या म्हणाल्या. "चिकट झालं तर बोटांना कळतं, पण त्याआधी नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सकाळी मांस आलं की भाजी चिरणारीने वास घ्यायचा आणि वहीत सही करायची. गॅसची नळीही तिनेच बघायची. हे लिहून घ्या. नाहीतर मीच चुलीपाशी उभी राहणार नाही."

मी खाली बघत राहिले. मी खोटं शिकवत होते, आणि ही बाई खरं सांगून आपली नोकरी पणाला लावत होती.

झाकण काढलं. पुन्हा कलथा कानाला. पाणी आटत होतं, बुडबुड्यांची पळापळ थांबली, ते जड झाले, लप्... लप्... करत फुटायला लागले. उरलेलं व्हिनेगर काकूंनी तेव्हा घातलं, थेंब जिभेवर ठेवला, आणखी अर्धा चमचा घातलं. दोन हेलकावे. गॅस बंद. रस तुकड्यांना लाखेसारखा चिकटला होता.

जुन्या ड्रायव्हरांनी पहिला तुकडा तोंडात घेतला आणि हाड स्वच्छ बाहेर आलं. मीही एक घेतला: आधी गोड, लगेच आंबट, मग मांसाची चव, आणि शेवटी भाजलेल्या साखरेचा किंचित कडवटपणा. मी देवाबिवाला मानत नाही, पण त्या घटकेला माझ्या अंगावर काटा आला. व्यवस्थापकाने सात हाडं काढली. त्यानेच समितीच्या वतीने वहीची अट कागदावर लिहिली, आणि खाली लिहिलं, "मुख्य स्वयंपाकी: त्याच."

सगळे गेल्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. "कसं झालं होतं गं?"

"मस्त," मी म्हटलं.

त्या भडकल्या. "मस्त काय मस्त! मला ते कधीच कळणार नाहीये. नीट सांग."

मग मी बसले आणि आलं कुठे लागलं, वाफेला कसला वास होता, दुसऱ्या घासाला काय बदललं, सगळं सांगितलं. त्या कलथ्याला कान लावायच्या तशाच डोळे मिटून ऐकत होत्या.

म्हणून सांगते. कुठल्याही कॅन्टीनमध्ये, कुणाच्याही घरी जेवलात, की हात धुऊन तसेच निघू नका. आत जा. जिने रांधलं तिच्यापुढे उभे राहा आणि कसं झालं होतं ते सांगा. नुसतं "छान" म्हणू नका. नीट सांगा.