मामांची होडी आणि माझी नोकरी

माझी नोकरी एका फुटक्या होडीनं वाचवली.
ती होडी उभी करणारा माणूस आज पहाटे गेला.

माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचे. नव्वदी ओलांडली होती. झोपेतच गेले.

बाहत्तरच्या दुष्काळात लोहाऱ्याकडच्या आमच्या गावाजवळ तलावाचं काम निघालं. मामा आणि सासूबाई दोघंही त्या कामावर माती वाहायला होते.
तलाव झाला, पण पुढं कितीतरी वर्षं पाणी तळातच.

मी लग्न होऊन आले, त्याच पावसाळ्यात तो पहिल्यांदा काठोकाठ भरला.
गाव आनंदानं वेडं झालं.
आणि माझी शाळा पाण्याच्या पलीकडं गेली.

शिक्षिकेची नवीन नोकरी. वळसा घालून जायचं तर काळ्या रानातला चिखल, चपला हातात, आणि तरी रोज उशीर. हेडमास्तरांनी दोनदा समज दिली.

आमचे हे उमरग्याला गॅरेजमध्ये होते. एकदा जेवताना म्हणाले, "एखादं वरीस घरीच ऱ्हा. पुढं बघू."

मामांनी ताटातून मान वर केली नाही.
"घरी बसायला शिकली का ती?"

एवढंच. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा मच्छीमार सोसायटीत गेले. सोसायटीनं कोकणातून एक जुनी शिडाची होडी आणली होती. आमच्याकडं शीड कुणाला येतंय? लोक आपले फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचे. होडी बांधाखाली पालथी पडून कुजत होती.

चेअरमन म्हणाले, "न्या की. न्हाय तरी जळणालाच जायची."

मग आमचं अंगण म्हणजे कारखाना झालं.
कुजलेल्या फळ्या काढून बाभळीच्या घातल्या. फटींत कापूस ठासून वरून डांबर. डोलकाठीला नवा बांबू.
शीड युरियाच्या गोण्यांचं! सासूबाईंनी आणि मी दाभणानं शिवलं. बोटं सोलली, पण हसून हसून पोट दुखलं.

मामांनी जन्मभर ज्वारी उपणलेली, वाऱ्याचा कल त्यांना बरोबर कळायचा. पण शीड हातात धरायची पहिलीच वेळ.
पहिल्या दिवशी होडी जागच्या जागी गोल फिरली.
काठावर सगळं गाव हसलं. होडीत मामाही हसले.

हळूहळू जमलं. पण वारा पडला की होडी पाण्यात म्हशीसारखी बसायची. वल्हं मारून मारून हात भरून यायचे आणि शाळेची घंटा इकडंच ऐकू यायची.

म्हणून होडीला मोटार.

आमच्या ह्यांनी मुंबईला जाऊन चौकशी केली. दोन सेकंडहँड मोटारी होत्या. एक पेट्रोलची, एक बॅटरीवरची.
घरात रोज तोच विषय.

हे म्हणाले, "पेट्रोलचीच घिऊ. ताकद लई. बॅटरीची म्हंजे खेळणं हाय."

दीर म्हणाले, "बॅटरी उतरली मधेच, तर?"

मामा ऐकत बसले होते. मग माझ्याकडं वळले.
"पोरी, चालवणार तू. तुला कंची पायजे?"

त्या घरात मोटारीबद्दल मला कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं.

मग सांगितलं. पेट्रोलच्या मोटारीला दोरीचा हिसका मारावा लागतो, हेलकावणाऱ्या होडीत साडी सावरत ते मला जमणार नाही. पेट्रोलचा कॅन रोज कोण आणणार? आणि त्याच पाण्यातून आपण घागरी भरतो, त्यावर तेलाचा तवंग कशाला?
"पण मामा, बॅटरीच्या मोटारीत जोर कमी हाय. समोरून वारं आलं तर ती ढकलणार न्हाय."

मामा म्हणाले, "वारं असलं की शीड हाय की. मोटार वारं नसंल तेव्हापुरती. बॅटरीचीच आणा."

ह्यांनी नापसंतीनं मान हलवली, पण तीच आणली. वर दोन दिवस सुट्टी काढून स्वतः बसवली.
बॅटरी मागं ठेवली तर होडीचं शेपूट बुडायचं. मग मधोमध खाच करून बसवली. चार्जिंग शाळेजवळच्या गिरणीत. मी शिकवायचे, तेवढ्या वेळात बॅटरी भरायची.

सुरुवातीला मामा रोज सोबत यायचे. पुढच्या आषाढात एकदा भर तलावात वावटळ आली. टर्रकन शीड फाटलं. मोटार लावली, पण होडी मागंच सरकत गेली.
मी रडायला लागले.
"मामा, बास झालं. मी राजीनामा देते."

मामा डब्यानं होडीतलं पाणी उपसत होते.
"आदी काठाला लागू. मग रड."

भलतीकडंच, बाभळीच्या झुडपात जाऊन लागलो. गुडघाभर चिखल तुडवत शाळेत पोचलो. मामा ओल्या धोतरानं वर्गाच्या दारात उभे राहिले आणि हेडमास्तरांना हात जोडून म्हणाले, "साहेब, आज माझ्यामुळं उशीर झाला. शीड कच्चं निघालं. बाईला बोलू नका."

हेडमास्तरांनी मामांना बसायला खुर्ची दिली. चहा मागवला. त्यानंतर मला कधी समज मिळाली नाही.

त्या आठवड्यात मामांनी सोसाट्याच्या वाऱ्यासाठी वेगळं लहान शीड शिवून घेतलं.
आणि एका सकाळी होडीत चढलेच नाहीत.
"जा. येतंय तुला."

मी गेले.
मधोमध पोचले तरी मागून त्यांच्या सूचना ऐकू येत होत्या. मग नुसता आवाज. मग तोही नाही. नुसतं पाणी आणि मी.
एवढं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पुढं माझ्याबरोबर आमच्या गावच्या पोरी हायस्कूलला यायला लागल्या. डेअरीला दूध घालणाऱ्या बायका कॅन घेऊन बसायला लागल्या. पुढं पूल झाला, होडी सोसायटीला परत गेली. मी मात्र रिटायर होईपर्यंत शिकवत राहिले. आज त्यातल्या दोन पोरी स्वतः शिक्षिका आहेत. सकाळपासून दोघींचे फोन येऊन गेले. दोघीही नुसत्या रडल्या.

संध्याकाळी गावातच अंत्यविधी आहे.

मामा, तुमच्यामुळं मी शाळेतली बाई झाले.
तुम्हाला माझा अखेरचा, कृतज्ञ जयभीम.